ई-मेलची जाहिरात आणि तिचा प्रतिसाद

१९७८ सालच्या मे महिन्यांत अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीचे अधिकारी गॅरी थर्क यांनीं नव्या संगणकांच्या प्रदर्शनाचें निमंत्रण अर्पानेट या संगणक-जालावरून सुमारें ४०० जणांस धाडलें. न मागतां आलेल्या या पत्राबद्दल पुष्कळांनीं तक्रार केली. ई-मेलच्या जाहिरातीचा गुण आणि दोष तेव्हांपासून एकच आहे: प्रत्येक जादा पत्रास जवळजवळ कांहींच खर्च येत नाहीं. टपालाचीं तिकिटें विकत घ्यावीं लागलीं असतीं, तर व्यापाऱ्यानें पत्त्यांची यादी चाळून पाहिली असती. येथें तो सर्वांसच पत्र पाठवितो, आणि प्रतिसाद घटला कीं आणखी पाठवितो.

प्रतिसाद वाढविण्याचा खरा मार्ग परीक्षेचा आहे. समजा, एखाद्या पुस्तकविक्रेत्याजवळ १०,००० ग्राहकांचे पत्ते आहेत. त्यांतून चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें १,०००-१,००० पत्त्यांचे दोन गट निवडावे. दोघांस एकच पत्र पाठवावें. भेद फक्त मथळ्याचा ठेवावा. ज्या मथळ्यास अधिक मागणी येईल तो उरलेल्या ८,००० जणांस जावा. मथळा, किंमत आणि वेळ हीं तिन्ही एकदम बदललीं, तर यश कशामुळें आलें हें कळत नाहीं. तसेंच एका गटांतून ५ आणि दुसऱ्यांतून ७ मागण्या आल्या, तर तो निव्वळ योगायोगहि असूं शकेल.

२०१२ सालीं अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकींत बराक ओबामा यांच्या प्रचारकचेरीनें देणग्या मागतांना ही रीत कसोशीनें पाळली. एका पत्राचे १८ पर्यंत नमुने तयार होत व ते आधीं लहान गटांस जात. जूनमधील एका पत्रासाठीं, ‘खर्चांत प्रतिपक्ष आपणांवर मात करील’ अशा आशयाचा मथळा सरस ठरला. परीक्षेवरून बांधलेला अंदाज असा होता कीं, या मथळ्यानें २५ लाख डॉलरांवर रक्कम मिळेल. सर्वांत दुबळ्या मथळ्यानें मात्र सुमारें ४ लाखच. प्रत्यक्षांत २६ लाखांहून अधिक डॉलर जमले. कचेरींतील अनुभवी मंडळींचे तर्क मात्र वारंवार चुकत. ओळींवर भडक पिवळा रंग देण्याची ओबडधोबड युक्ति कांहीं काळ फळली. नवलाई ओसरतांच तिचा प्रभाव गेला. म्हणून एकदां घेतलेली परीक्षा कायमची मानूं नये.

मोजावयाचें काय, हेंहि ठरविलें पाहिजे. पत्र किती जणांनीं उघडलें, हें पुष्कळ दिवस त्यांत दडविलेल्या एका सूक्ष्म चित्रावरून मोजीत. पत्र उघडतांच तें चित्र मागविलें जाई. २०२१ सालीं अ‍ॅपल कंपनीनें आपल्या ई-मेल वापरणारांसाठीं अशी सोय केली कीं, वाचकानें पत्र उघडो वा न उघडो, चित्र आपोआप मागविलें जावें. तेव्हांपासून हा आंकडा फुगीर झाला आहे. पत्रांतील दुवा किती जणांनीं दाबला आणि मागणी किती जणांनीं नोंदविली, हेच आंकडे अधिक भरंवशाचे होत.

सर्वांत मोठी बाब संमतीची. एकट्या जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० वा अधिक पत्रें पाठविणारांस गूगलनें २०२४ सालापासून कडक नियम लावले. पाठविणाऱ्याची ओळख पटली पाहिजे. जाहिरातीच्या पत्रांतून एका खटक्यासरशी नांव कमी करतां आलें पाहिजे. आणि हीं पत्रें नकोशीं आहेत अशा तक्रारी हजारीं ३ च्या आंत राहिल्या पाहिजेत. मर्यादा ओलांडणाऱ्याचीं पत्रें, ज्यांस तीं हवीं आहेत त्यांजपर्यंतहि न पोहोंचण्याचा धोका असतो. म्हणजे १,००० अनिच्छुकांस धाडलेल्या पत्रांचा दंड इच्छुक ग्राहकांच्या मार्गानें भरावा लागतो.

यास्तव जो ग्राहक नांव कमी करावयास सांगेल त्याचें नांव तत्काळ व निमूटपणें काढावें, आणि ज्यानें कित्येक महिन्यांत एकहि दुवा दाबला नाहीं त्यास एकदां विचारून वगळावें. यादी आंखूड होते खरी. परंतु तींत उरतात ते पत्राची वाट पाहणारे असतात, आणि विक्री त्यांच्याचकडून होते.