पडद्यामागचा दिवा, पडद्यावरची सावली

रत्नागिरीत लॅपटॉपची स्क्रीन फुटली की मारुती मंदिर किंवा गोखले नाक्याच्या बाजूला दुरुस्तीच्या दुकानात जायचं. तिथं पहिला प्रश्न मापाचा आणि पिनांचा येतो: 15.6 इंच, स्लिम, 30 पिन की 40 पिन? मग एचडी की फुल एचडी, आणि मग भाव. नवं पॅनेल बसतं, चित्र लख्ख दिसतं, गिऱ्हाईक समाधानानं घरी जातं. संध्याकाळी क्रिकेटची मॅच लावल्यावर लक्षात येतं, की सीमारेषेकडे धावणाऱ्या चेंडूमागे एक पुसट शेपूट आहे. लांबलचक पान भरभर वर सरकवलं की अक्षरं एकमेकांवर चढतात. यालाच घोस्टिंग म्हणतात. तक्रार मात्र बहुतेक वेळा एकच असते: ‘आतला एलईडी लाइट हलका लावलाय.’

हा आरोप दिव्यावर अन्याय करणारा आहे. लॅपटॉपच्या पॅनेलमध्ये दोन स्वतंत्र यंत्रणा एकावर एक बसवलेल्या असतात. मागे प्रकाश देणारा दिवा, पुढे त्या प्रकाशाला वाट देणारा किंवा अडवणारा द्रवस्फटिकाचा थर. शेपूट उमटतं ते पुढच्या थरामुळे. दिवा ते शेपूट कमी-जास्त दाखवू शकतो, आणि कधी त्यात स्वतःची वेगळी भर घालतो.

द्रवस्फटिक माणसाला सापडले ते पडदे बनवण्याच्या कितीतरी आधी. 1888 मध्ये फ्रिडरिश राइनिट्झर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाला प्राग इथं कोलेस्टेरिल बेंझोएट हा पदार्थ दोनदा वितळताना दिसला. सुमारे 145 अंशांना तो गढूळ द्रव झाला, 178 अंशांच्या आसपास स्वच्छ झाला. मधली ती गढूळ अवस्था म्हणजे द्रवासारखे वाहणारे, पण स्फटिकासारखे एका दिशेत ओळीनं उभे राहणारे रेणू. 1970 च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये शाट आणि हेलफ्रिश यांनी या रेणूंना दोन काचांमध्ये पीळ देऊन विजेनं तो पीळ सोडवण्याची रीत काढली. स्वस्त लॅपटॉपमध्ये आजही मिळणारं टीएन पॅनेल त्याच रीतीचं. यात भारताचाही वाटा आहे आणि तो अभिमानानं सांगायला हवा. 1977 मध्ये बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधले. तशा रेणूंची पातळ फिल्म पुढे टीएन पडदे बाजूनंही नीट दिसावेत म्हणून वापरात आली.

आता रिस्पॉन्स टाइम, म्हणजे ठिपक्याला एका छटेवरून दुसरीवर जायला लागणारा वेळ. दोन काचांमधला थर तीन-चार मायक्रॉनचा, केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्याइतका. वीज दिली की रेणू वळतात. वीज काढली की त्यांना कुणी मागे ढकलत नाही; ते आपल्याच ताणानं परत येतात, आणि हा परतीचा प्रवास बहुधा सावकाश होतो. त्याला लागणारा वेळ द्रवाच्या चिकटपणाबरोबर वाढतो आणि थराच्या जाडीच्या वर्गाबरोबर वाढतो. थर निम्मा केला तर वेळ चौथा हिस्सा. म्हणून पॅनेल कारखान्यांची सगळी धडपड थर पातळ आणि द्रव सैल करण्याची असते. काळ्या-पांढऱ्या बदलात विजेच्या जोरातला फरक मोठा असतो, काम बहुधा लवकर होतं. एका करड्या छटेवरून शेजारच्या करड्या छटेवर जाताना हा फरक इतका थोडा असतो की रेणू रेंगाळतात. आयपीएस या टीएनहून वेगळ्या जातीच्या साध्या लॅपटॉप पॅनेलला असा बदल पुरा करायला 25-30 मिलिसेकंद सहज लागतात. 60 हर्ट्झच्या पडद्यावर दर 16.7 मिलिसेकंदांनी नवं चित्र येतं. जुनं चित्र पुरतं गेलेलं नसताना नवं त्यावर येऊन बसतं, आणि चेंडूला शेपूट फुटतं.

इथं रत्नागिरीच्या हवेची एक बाजू सांगण्यासारखी आहे. थंडीत खोबरेल घट्ट व्हावं तसा द्रवस्फटिकही गारठ्यात चिकट होतो. लेहच्या हिवाळ्यात गाडीत राहिलेला लॅपटॉप सुरू केला तर माउसचा बाण आपल्यामागे रेघ ओढत जाईल. कोकणात पडद्यावर ती वेळ येत नाही. दमट उकाडा माणसाला नकोसा असला, तरी द्रवस्फटिकाला तो मानवतो. खाऱ्या हवेचा त्रास होतो तो कनेक्टरच्या पिनांना, पडद्याच्या वेगाला नाही.

मग दिवा करतो काय? 2010 च्या आधीच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये सीसीएफएल ही बारीक फ्लुरोसंट नळी असे. आत पाऱ्याची वाफ, आणि ती पेटवायला बॅटरीचा दाब कित्येकशे व्होल्टपर्यंत चढवणारा इन्व्हर्टर. नळी म्हातारी झाली की स्क्रीन सुरू होताना गुलाबी दिसायची, हे जुन्या दुरुस्तीवाल्यांना आठवत असेल. तिच्या आतला लेप वीज थांबल्यावरही काही मिलिसेकंद उजळत राहतो, त्यामुळे तिची उघडझाप बोथट असते.

नंतर एलईडी आला. निळा एलईडी आणि त्यावर पिवळा लेप, मिळून पांढरा प्रकाश. त्या निळ्या दिव्यासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना 2014 चं नोबेल मिळालं. हा दिवा क्षणार्धात पेटतो आणि विझतो, आणि त्याचा खरा गुण-दोष इथंच आहे. प्रकाश मंद करायला बरीच पॅनेलं दिवा सेकंदाला शेकडो वेळा उघडझाप करतात. ही उघडझाप 200 हर्ट्झसारखी सावकाश असेल तर हलत्या बाणाच्या एकामागे एक सुट्या प्रती दिसतात. पुष्कळ लोक यालाही घोस्टिंग म्हणतात, पण हा प्रकार निराळा. ओळखायची खूण अशी: ब्राइटनेस कमी करा, पांढऱ्या पडद्यासमोर पेन जोरात हलवा. पेनाच्या सुट्या सुट्या सावल्या दिसल्या तर तो दिव्याचा दोष. ब्राइटनेस पूर्ण वाढवूनही मजकुरामागचं धुरकट शेपूट जात नसेल, तर तो द्रवस्फटिकाचा.

हाच चपळ दिवा उपायही होतो. काही गेमिंग पडद्यांत रेणू स्थिरावेपर्यंत दिवा विझवून ठेवतात आणि मग मिलिसेकंद-दोन मिलिसेकंद लखकन चमकवतात. बदलाचा रेंगाळता काळ अंधारात जातो, चित्र कोरीव दिसतं. किंमत म्हणजे उजेड कमी होतो आणि काहींचे डोळे दुखतात. शिवाय भडक रंगांसाठी वापरलेला केएसएफ नावाचा लाल लेप विझायला कित्येक मिलिसेकंद घेतो, त्यामुळे अशा पडद्यावर हलत्या वस्तूला लाल कड येते.

दिवा कितीही उत्तम असला तरी द्रवस्फटिक सुस्त असेल तर काय होतं, याचा पुरावा 2021 च्या मॅकबुक प्रोनं दिला. मागे हजारो सूक्ष्म एलईडी, 120 हर्ट्झ, डोळे दिपवणारा उजेड. तरीही परीक्षकांनी मोजलं तेव्हा रिस्पॉन्स संथ निघाला आणि सरकत्या मजकुरामागे सावली दिसली. ओलेडमध्ये मागचा दिवाच नसतो, ठिपका स्वतः उजळतो आणि मिलिसेकंदाच्या आत बदलतो, म्हणून ही सावली जवळपास नाहीशी होते. 60 हर्ट्झवर थोडी अस्पष्टता मात्र ओलेडवरही उरते, कारण चित्र पुढचं येईपर्यंत जागेवर थांबतं आणि डोळा पुढे सरकलेला असतो.

खोक्यावर छापलेल्या ‘3 मिलिसेकंद’वर विसंबू नये. तो आकडा बहुधा सर्वांत सोप्या बदलाचा असतो, किंवा ओव्हरड्राइव्ह नावाची जादा विजेची ढकल जास्तीत जास्त ठेवून काढलेला. ढकल अती झाली की रेणू मुक्काम ओलांडून पुढे जातात आणि गडद शेपटाऐवजी फिकट, चमकतं शेपूट उमटतं.

म्हणून रत्नागिरीत पॅनेल बदलताना दिव्याबद्दल विचारण्यापेक्षा मागच्या स्टिकरवरचा नंबर वाचायला सांगावं. एकाच चिनी कंपनीचं ‘एनटी156’नं सुरू होणारं पॅनेल बहुधा टीएन असतं, ‘एनव्ही156’नं सुरू होणारं आयपीएस जातीचं. मूळ स्क्रीन 144 हर्ट्झची असेल तर तसंच मागावं. 60 हर्ट्झचं स्वस्त पॅनेल लावलं तर पडद्याचा निम्म्याहून जास्त वेग गेला. आणि कडेची पट्टी बसवण्याआधी, दुकानातच, गडद करड्या पार्श्वभूमीवर फिकट करडा मजकूर उघडून तो वरखाली सरकवून बघावा. काळ्या-पांढऱ्यावर लपणारी सावली तिथं लपत नाही.