थरातले तीन टक्के

आर्णीच्या आसपास कापसा-तुरीच्या शिवारांत सौर कृषिपंपांची जी निळसर-काळी पॅनेल उभी दिसतात, ती सिलिकॉनची असतात; परंतु द्रव पसरून शाईप्रमाणे छापता येण्याजोगे, कार्बनी संयुगांचे सौर घट बनविण्याचा उद्योग प्रयोगशाळांतून गेली कित्येक दशके चालू असून, त्याविषयी विज्ञानाच्या विद्यार्थ्यांतही जे काही समज रूढ आहेत, त्यांचा खुलासा करणे अगत्याचे आहे.

हे घट बनविण्याच्या द्रावणात टाकलेले अल्पसे पूरक द्रव्य स्वतःच वीज निर्माण करते, हा त्यांतला पहिला समज. अशा पूरक द्रव्यांपैकी डायआयोडोऑक्टेन हे सर्वांत प्रसिद्ध. ते स्वतः वीज मुळीच निर्माण करीत नाही. वीज मिळते ती इलेक्ट्रॉन देणारे बहुवारिक आणि तो स्वीकारणारे फुलरीनसारखे द्रव्य यांच्या संगमावर. प्रकाशाने उत्तेजित झालेले विद्युत्भारांचे युग्म जेमतेम दहा नॅनोमीटर वाटचाल करते. तेवढ्यात ही सीमा लागली नाही, तर ऊर्जा वाया गेलीच म्हणून समजावे.

मग दोन्ही द्रव्ये जितकी एकजीव तितकी बरी, असे कोणी म्हणेल. तेही खरे नाही. कारण तसे केल्यास सुटलेल्या विद्युत्भारांना बाहेर पडण्यास सलग वाट उरत नाही आणि ते परस्परांस भेटून लयास जातात. पूरक द्रव्याचे काम नेमके येथे आहे. द्रावक म्हणून वापरलेले क्लोरोबेंझीन 132 अंश सेल्सियसला उकळते, तर डायआयोडोऑक्टेन 300 अंशांच्याही वर. त्यामुळे फिरत्या काचेवर थर वाळताना पहिले उडून गेले तरी दुसरे मागे रेंगाळते, आणि ते फुलरीनला विरघळवून ठेवते पण बहुवारिकाला फारसे विरघळवीत नसल्याने, बहुवारिक आधी आपली घडी बसविते व फुलरीन मागाहून स्थिरावते. मौज अशी, की परिणाम सर्वत्र सारखा नाही: पीटीबी7 या बहुवारिकाच्या थरात फुलरीनचे मोठाले पुंजके मोडून बारीक होतात, तर पीसीपीडीटीबीटीच्या थरात अतिमिश्रण सुटून द्रव्ये उलट वेगळी होतात. या दुसऱ्या बहुवारिकाच्याच घटाची कार्यक्षमता अल्केनडायथायॉल या पूरकाने 2.8 वरून 5.5 टक्क्यांवर गेल्याचा 2007 सालचा दाखला सर्वश्रुत आहे.

अधिक घातले तर अधिक लाभ, ही समजूत कापसाला युरिया देतानाही खरी ठरत नाही. येथेही पीटीबी7 साठी आकारमानाने सुमारे तीन टक्के पूरक पुरते आणि अतिरेकाने थराची रचना बिघडते. शिवाय उरलेले द्रव्य निरुपद्रवी राहते असेही नाही: प्रकाशात त्यातील आयोडीनचे बंध तुटून थराचा ऱ्हास होतो, म्हणून ते निर्वातात वा मिथेनॉलने काढून टाकण्याची तजवीज करावी लागते.

प्रयोगशाळेतील लहानशा घटांची कार्यक्षमता वीस टक्क्यांच्या आसपास पोहोचली आहे, हे खरे. पण वर्षानुवर्षे ऊन-पावसात टिकण्याच्या कसोटीत सिलिकॉनच अद्याप पुढे आहे. तेव्हा सौर कृषिपंपासाठी अर्ज करणाऱ्याने या नव्या घटांची वाट पाहत बसू नये.