एका पहाटेची तीन छायाचित्रे

माझगावच्या टेकडीवरील जोसेफ बाप्टिस्टा उद्यान आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचे असेल. लोकमान्य टिळकांचे सहकारी काका बाप्टिस्टा यांचे नाव दिलेली ही बाग पाण्याच्या जलाशयावर वसलेली आहे. तिच्या पूर्वेच्या कठड्याशी उभे राहिले की खाली घरांची छपरे, पुढे गोदीतल्या क्रेन आणि त्यापलीकडे समुद्र दिसतो. माझ्या वडिलांची सारी नोकरी गोदीत झाली. आता गुडघ्यांमुळे त्यांना टेकडी चढवत नाही. गेल्या डिसेंबरात ते मला म्हणाले, “अगं, एवढा कॅमेरा घेऊन फिरतेस, तर वरची सकाळ एकदा घरी आणून दाखव की!”

काम सोपे वाटले. पण ते तसे नव्हते. सूर्य समुद्राच्या बाजूनेच वर येतो. आकाशाचे रंग नीट आले की छपरे काळीठिक्कर पडत आणि छपरे उजळली की आकाश कोऱ्या कागदासारखे पांढरे होई. असे का व्हावे?

छायाचित्रणात प्रकाश दुप्पट झाला की एक ‘स्टॉप’ वाढला असे म्हणतात. दहा स्टॉपचा फरक म्हणजे १,०२४ पट. सूर्याजवळचे आकाश आणि छपराखालची सावली यांतले अंतर याहूनही मोठे असू शकते. आपला डोळा आकाशाकडे वळला की आकाशापुरता जुळवून घेतो, सावलीकडे वळला की सावलीपुरता. आणि मेंदू या साऱ्याचे मिळून एक चित्र करतो. कॅमेऱ्याला मात्र सगळ्या दृश्याला एकच माप लावावे लागते.

ही अडचण छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ साली. त्याच दशकात फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे समुद्राची छायाचित्रे काढताना कधी कधी आकाशाची एक आणि पाण्याची दुसरी अशा दोन निगेटिव्ह एकत्र छापत असे. पुढे १९९७ साली पॉल डेबेव्हेक आणि जितेंद्र मलिक यांनी, कमी-अधिक प्रकाशात घेतलेल्या अनेक छायाचित्रांवरून मूळ दृश्यातला प्रकाश गणिताने कसा काढावा, हे दाखवून दिले. आज ज्याला ‘हाय डायनॅमिक रेंज’ किंवा थोडक्यात एचडीआर म्हणतात, त्याचा हा एक मुख्य आधार होय. आजचे मोबाइल तर हे काम न सांगता परस्पर करून टाकतात.

मी केले ते असे. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवला. ॲपर्चर एफ/८ आणि आयएसओ १०० कायम ठेवले. शटर तेवढे बदलून तीन छायाचित्रे घेतली: १/५०० सेकंद आकाशासाठी, १/१२५ मधल्या भागासाठी आणि १/३० छपरांसाठी. ॲपर्चर बदलायचे नाही, कारण मग जवळचे-दूरचे स्पष्ट दिसण्यातही फरक पडतो. संगणकाने प्रत्येकातला चांगला उमटलेला भाग अधिक धरून तिन्हींचे एक चित्र केले. पण त्यातला प्रकाशाचा आवाका साध्या पडद्याला किंवा कागदाला पेलत नाही. तो आटोपशीर करण्याला ‘टोन मॅपिंग’ म्हणतात. खरी परीक्षा येथेच असते.

मी त्या परीक्षेत नापास झाले! हाती सत्ता आल्यासारखी मी प्रत्येक सावली उजळली, प्रत्येक रंग गडद केला. छपरांच्या कडांभोवती पांढरी प्रभावळ उमटली. तीन छायाचित्रांच्या दरम्यान पुढे सरकलेली एक होडी तीन ठिकाणी भुतासारखी दिसू लागली. तरी मला चित्र आवडले होते. वडिलांनी मात्र ते बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “ही सकाळ नव्हे गं, ही दिवाळी झाली. एवढ्या लवकर त्या शेडखाली अंधारच असतो. आम्ही दिवा लावून हत्यारं शोधायचो.”

ते वाक्य मला लागले. मी पुन्हा बसले. होडी एकाच छायाचित्रातली ठेवली, रंग उतरवले, समुद्रावरचे धुरकट धुके पुसले होते ते परत आणले. छपरे ओळखू येतील इतकाच उजेड ठेवला आणि शेडखालचा अंधार तिचा तिला परत केला.

सांगायचे ते एवढेच. जे डोळ्याला दिसते पण कॅमेऱ्याला एका दमात टिपता येत नाही, ते मिळवून देणे हे या तंत्राचे काम. जे कोणालाच दिसत नव्हते ते दाखवू लागलो की चित्र भडक होते आणि जागा हरवते. आपल्यापैकी ज्यांना हा छंद आहे त्यांनी संगणकापुढे बसण्यापूर्वी दृश्यापुढे पाच मिनिटे नुसते उभे राहावे आणि अंधार कोठे आहे ते लक्षात ठेवावे.

दुसरे चित्र पाहून वडील काही बोलले नाहीत. शेडच्या काळ्या चौकोनावर बोट ठेवून ते म्हणाले, “इथं,” आणि चष्मा पुसू लागले.