तरक्की झाली, पण विकास झाला का?

मुंबईच्या उपनगरांत 'विकास' हा शब्द रोज कानावर पडतो. घाटकोपरला किंवा मुलुंडला जुनी इमारत पाडून नवी उभी राहते, त्याला पुनर्विकास म्हणतात आणि ती बांधणाऱ्याला डेव्हलपर. अंधेरीच्या सीप्झमध्ये संगणकाचे प्रोग्राम लिहिणारा तरुणही डेव्हलपरच. महापालिका विकास आराखडा काढते, उमेदवार विकासावर मते मागतात आणि आम्ही शिक्षक बी.एड.ला 'बालविकास' शिकून आलेलो असतो. शब्द एकच, पण मोजायची पट्टी प्रत्येक ठिकाणी वेगळी. या पट्ट्यांची गल्लत घरात शिरली, की त्याची किंमत बहुधा मुले मोजतात. म्हणून हा विषय समजून घ्यायला हवा.

आधी शब्दच पाहू. आपल्यापैकी अनेक घरांत मराठी आणि उर्दू दोन्ही नांदतात. संस्कृतातून आलेल्या 'विकास' या शब्दाचा मूळ अर्थ उमलणे, फुलणे. उर्दूत आपण 'तरक्की' म्हणतो. तो अरबी शब्द, आणि त्याच्या मुळाशी अर्थ आहे वर चढणे. शिडी एक एक जण चढतो, आणि वर पोहोचलेल्याला खाली उभा असलेला दिसेलच असे नाही. उमलणे मात्र आतून होते. दोन्ही गोष्टी हव्यात, पण त्या एकच नव्हेत.

अर्थशास्त्राची पट्टी

अर्थशास्त्रात 'वृद्धी' आणि 'विकास' हे दोन वेगळे शब्द आहेत. उत्पादन आणि उत्पन्न वाढले की वृद्धी झाली. ते उत्पन्न माणसाच्या आरोग्यात, शिक्षणात आणि जगण्यात उतरले, तर विकास झाला. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची पद्धत घडवणारे सायमन कुझनेट्स यांनी 1934 मध्येच बजावले होते, की या आकड्यावरून लोकांचे कल्याण ठरवता येणार नाही. पण आकडा सोपा होता, म्हणून जगाने तोच धरून ठेवला.

ही चूक एका अर्थतज्ज्ञाने जवळून पाहिली. महबूब उल हक हे 1960 च्या दशकात पाकिस्तानच्या नियोजन आयोगात काम करत होते. देशाचा वृद्धिदर चांगला होता, कारखाने उभे राहत होते. तरीही 1968 मध्ये त्यांनी जाहीरपणे सांगितले, की सुमारे दोन तृतीयांश उद्योग अवघ्या 22 घराण्यांच्या हातात आहेत. आकडा वाढला होता, पण सामान्य घरापर्यंत त्यातले फारसे पोहोचले नव्हते. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमात काम करताना 1990 मध्ये त्यांनी पहिला मानव विकास अहवाल काढला. केंब्रिजपासूनचे त्यांचे मित्र अमर्त्य सेन यांची त्यांना साथ होती. या अहवालाने तीन प्रश्न एकत्र विचारले : माणूस किती वर्षे जगतो, किती शिकतो आणि किती कमावतो? पैसा यादीत राहिला, पण एकटा राहिला नाही.

तंत्रज्ञानाची पट्टी

तंत्रज्ञानातला विकास म्हणजे साधन सुधारणे. 8 जून 2014 रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मुंबईतली पहिली मेट्रो सुरू झाली. 11.4 किलोमीटर, 12 स्थानके, साधारण 21 मिनिटे. याच अंतरासाठी रस्त्याने तासाहून जास्त वेळ जात असे. ही मोठी सोय आहे, यात शंका नाही. पण यंत्र फक्त वेळ वाचवून देते. वाचलेला वेळ मुलांशी बोलण्यात जातो की मोबाइलवर, हे यंत्र ठरवत नाही.

2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हे स्पष्ट दिसले. ॲप तयार होते, इंटरनेट होते. पण घरात मोबाइल एक आणि शिकणारी भावंडे तीन. बहुतेक वेळा मोबाइल कोणाच्या हाती आधी गेला आणि कोणाची पाळी शेवटी आली, हे सांगायला नको. साधन विकसित होते. ते वापरण्याची संधी मात्र घराघरांत आणि भावाबहिणींत सारखी नव्हती.

माणसाची पट्टी

बी.एड.च्या पुस्तकात वाढ आणि विकास यांतला फरक सुरुवातीलाच येतो. उंची, वजन ही वाढ. ती मोजता येते आणि एका वयानंतर थांबते. विचार करणे, राग आवरणे, दुसऱ्याचे दुःख समजणे, आपले मत मांडणे हा विकास. तो जन्मभर चालतो. घरातले मोठे ज्याला 'तरबियत' म्हणतात, ती याच कामाची. गुणपत्रिकेतले टक्के ही मोजता येणारी बाजू. नव्वद टक्के मिळवलेला मुलगा चार लोकांत बोलू शकत नसेल किंवा बहिणीच्या शिकण्याला आडवा येत असेल, तर त्याची वाढ झाली, विकास राहिला.

आपल्या शेजारची गोष्ट

मुंबई महापालिकेने शहराचाही मानव विकास अहवाल 2009 सालासाठी काढला. देशाच्या आर्थिक राजधानीतल्या 24 प्रभागांत सर्वांत तळाला होता एम-पूर्व, म्हणजे गोवंडी, देवनार, मानखुर्दचा भाग. घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्याने गेले, तर तो अगदी शेजारीच. देवनारचे डम्पिंग ग्राउंडही याच प्रभागात. एकाच शहराचे उत्पन्न मोजले तर सगळे श्रीमंत वाटतात. माणसे मोजली की एका रस्त्याच्या अंतरावर आयुष्य बदलते.

नोव्हेंबर 2006 मध्ये आलेल्या सच्चर समितीच्या अहवालानेही अशीच पट्टी लावली होती. 2001 च्या जनगणनेनुसार देशाची साक्षरता सुमारे 65 टक्के, तर मुस्लिमांची 59 टक्के होती. हा आकडा आपल्याला दुखावण्यासाठी नव्हता, काम कुठे करायचे ते दाखवण्यासाठी होता.

आता घराकडे या. इमारत पुनर्विकासाला जाते तेव्हा सोसायटीच्या सभेत कार्पेट एरिया, कॉर्पस, भाडे, पार्किंग यांवर रात्र रात्र चर्चा होते. ती व्हायलाच हवी, हक्काची बाब आहे. पण ती तीन-चार वर्षे मुले कुठल्या शाळेत जातील, हा प्रश्न क्वचितच निघतो. भाडे स्वस्त म्हणून कुटुंब लांब जाते. मुलगा लोकलने येतो-जातो. नववीतल्या मुलीला मात्र 'इतक्या लांब कशी पाठवणार?' म्हणून घरी बसवले जाते. शिक्षणहक्क कायदा 14 वर्षे वयापर्यंत, आठवीपर्यंत हात धरतो. नववीपासून हात आईवडिलांनीच धरायचा असतो. नवीन घराची चावी मिळते तेव्हा खोली एक वाढलेली असते आणि मुलीची शाळा सुटून तीन वर्षे झालेली असतात. याला पुनर्विकास कसा म्हणायचा?

उपाय अवघड नाहीत. भाड्याचे घर पाहताना शाळेचे अंतर आधी पाहावे. सोसायटीतल्या दोन-चार मुलींनी एकत्र जाण्यायेण्याची सोय करावी. घरातला मोबाइल अभ्यासासाठी कोणाला किती वेळ, हे वेळापत्रक भिंतीवर लावावे. आणि वर्षाच्या शेवटी बँकेचे पासबुक पाहतो तसे चार प्रश्न स्वतःला विचारावेत : घरात सर्वांची तब्येत कशी आहे? कोण काय नवीन शिकले? मुलगी आपले मत न घाबरता मांडते का? आपल्या हातून नात्यातले, शेजारचे एखादे मूल पुढे गेले का?

उत्पन्न किती वाढले, हा प्रश्नही असू द्या. फक्त तो पाचवा असावा.