‘एल’ पाटीच्या आधीचा एक दिवस

ब्रिटनमध्ये एकेकाळी मोटरसायकलची सरकारी परीक्षा घेणारा परीक्षक फुटपाथवर उभा राहायचा. उमेदवाराने आसपासच्या गल्ल्यांतून फेऱ्या मारायच्या आणि परीक्षकाने मध्येच हातातलं पॅड वर करून रस्त्यात पाऊल टाकायचं. गाडी जागच्या जागी थांबली की ‘इमर्जन्सी स्टॉप’ जमला. भलत्याच मोटरसायकलवाल्यापुढे परीक्षकाने उडी घेतल्याचे किस्से तिकडचे जुने लोक अजून रंगवून सांगतात. त्यात मीठमसाला किती हे सोडून द्या. पण या परीक्षेला येईपर्यंत तो उमेदवार कित्येक महिने भर रस्त्यात एकटा गाडी हाकत असायचा, आणि त्याला शिकवलं कोणी, हे कोणी विचारत नसे. पुढे-मागे लाल ‘एल’ची पाटी बांधली की झाला शिकाऊ.

हे चित्र 1 डिसेंबर 1990 रोजी बदललं. त्या दिवसापासून ‘कम्पल्सरी बेसिक ट्रेनिंग’ म्हणजे सीबीटी लागू झालं. शिकाऊ परवाना हातात असला तरी हे प्रशिक्षण पुरं केल्याशिवाय मोपेड किंवा मोटरसायकल सार्वजनिक रस्त्यावर आणायची नाही. आणलीच तर 1000 पौंडांपर्यंत दंड आणि परवान्यावर 6 पर्यंत पेनल्टी पॉइंट.

इथवर यायला सरकारला बराच वेळ लागला. त्याआधीची वीस वर्षं उपाय सुचत होते ते बहुतेक इंजिनाचे. 1971 मध्ये सोळा वर्षांच्या मुलांना मोटरसायकल बंद करून फक्त 50 सीसीची मोपेड ठेवली. मोपेड म्हणजे जिला पायडल आहे ती, अशी व्याख्या; आपली जुनी लूना आठवा. कंपन्यांनी काय करावं? चांगल्या पळणाऱ्या छोट्या मोटरसायकलींना नावापुरती पायडलं लावली. यामाहाची ‘एफएसवन-ई’ तर त्या पिढीच्या पोरांचं दैवतच झाली. मग 1977 मध्ये पायडलांची अट काढून वेगावर मर्यादा घातली. पुढे 1983 मध्ये मोठ्या शिकाऊंची मर्यादा 250 वरून 125 सीसीवर आणली. गाडी लहान होत गेली, चालवणारा मात्र होता तसाच अडाणी राहिला. सीबीटीने इंजिन सोडून माणसाकडे पाहिलं.

आज सोळाव्या वर्षी मोपेड (50 सीसीपर्यंत, ताशी 45 किलोमीटरच्या आत) आणि सतराव्या वर्षी 125 सीसी, अशी तिथली सोय आहे. दोन्हींसाठी दार एकच: सीबीटी. बहुतेकांचं ते एका दिवसात उरकतं. प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांना सरकारी मान्यता लागते. जागा म्हणाल तर सुट्टीच्या दिवशी मोकळं पडलेलं शाळेचं पटांगण किंवा रिकामा कारपार्क.

सकाळी आधी डोळे. सुमारे वीस मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचायची. मग हेल्मेट, हातमोजे, बूट, जाकीट यांवर बोलणं. हेल्मेट बसतं कसं, पट्टा किती आवळायचा, एकदा आपटलेलं हेल्मेट पुन्हा का घालू नये, वगैरे. त्यानंतर गाडी सुरू न करताच हाताळायची: स्टँडवरून काढा, ढकलत न्या, परत स्टँडवर लावा. आपल्याकडे कोणी हे शिकवत नाही आणि म्हणूनच पार्किंगमध्ये ओळीने गाड्या आडव्या होतात.

मग इंजिन सुरू. क्लच हळूहळू सोडत गाडी जराशी सरकू द्यायची आणि पुन्हा दाबून धरायचा, हे इतक्या वेळा करून घेतात की डावा हात भरून येतो. शंकूंमधून नागमोडी वळणं, आठचा आकडा, यू-टर्न, गिअर बदलणं, दोन्ही ब्रेक तोल सांभाळून लावत झटकन थांबणं. इथवर एका प्रशिक्षकामागे जास्तीत जास्त चार शिकाऊ.

सगळ्यात जास्त घोटून घेतात ते मागे बघणं. वळण्याआधी आरसे बघून झाल्यावरही मान फिरवून खांद्यावरून एक नजर टाकायची, कारण आरशात न दिसणारी एक पट्टी शेजारीच असते आणि बस, कार, सायकल नेमकी तिथेच येते. तिकडे या नजरेला ‘लाइफसेव्हर’ म्हणतात. नवख्याची मान वळली की हँडलही त्याच बाजूला वळतं आणि गाडी भरकटते. म्हणून ही सवय पटांगणावरच लावायची. रस्त्यावर तिचा पहिला प्रयोग करायचा नाही.

दुपारी बसून रस्त्याचे नियम: कोणाला आधी जाऊ द्यायचं, रस्त्याच्या रुंदीत आपण कुठे चालायचं, ओल्या पानांवर किंवा सांडलेल्या डिझेलवर काय होतं. मग खरा रस्ता, किमान दोन तास. आता एका प्रशिक्षकाबरोबर दोनच शिकाऊ. तो आपल्या गाडीवरून मागे येत असतो आणि हेल्मेटमधल्या इअरपीसमधून सूचना देतो. ‘पुढच्या चौकात डावीकडे’, ‘इंडिकेटर बंद कर’, ‘समोर बघ’.

या सगळ्यात मला पटलेली गोष्ट म्हणजे सीबीटीत नापास होण्याची सोयच नाही. ही परीक्षा नव्हेच. जमलं तर प्रशिक्षक प्रमाणपत्रावर सही करतो. नाही जमलं तर ‘आणखी एकदा या’ म्हणतो. परीक्षेत पाच-दहा मिनिटं नीट वागून निभावता येतं. दिवसभर शेजारी उभ्या राहिलेल्या माणसापुढे नाटक टिकत नाही, आणि त्याच्या सहीत त्याची स्वतःची जबाबदारी असते.

भोकं अर्थात याही व्यवस्थेला आहेत. प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं. ‘एल’ची पाटी ठेवायची, मागे कोणाला बसवायचं नाही, मोटरवेवर जायचं नाही, आणि दोन वर्षांत लेखी व प्रत्यक्ष परीक्षा देऊन पूर्ण परवाना काढायचा, अशी अपेक्षा. पण पुन्हा सीबीटी करून आणखी दोन वर्षं मिळवता येतात, मग आणखी दोन. लंडनमध्ये खाण्याचे डबे पोचवणाऱ्या कितीतरी स्कूटरांवर दिसणारी ‘एल’ पाटी ही अशी कायमची शिकाऊ असते. सीबीटीआधी लेखी परीक्षाही लागत नाही. त्याहून विचित्र म्हणजे, बिनगिअरच्या स्कूटरवर सीबीटी केलेला माणूस उद्या गिअरची 125 सीसी घेऊन निघाला तरी कायदा त्याला अडवत नाही.

तिकडे जाणाऱ्या आपल्या मुलांनाही हे कधीतरी लागतं. भारतीय परवान्यावर तिथे स्थायिक झाल्यापासून बारा महिने गाडी चालवता येते. आपला परवाना तिथे बदलून मात्र मिळत नाही. पुढे शिकाऊ परवान्यापासून श्रीगणेशा. रस्त्याची बाजू डावीच असल्याने पुण्या-नाशकातल्या मुलाला सीबीटी सोपं वाटतं आणि मान फिरवण्यापाशी त्याचं घोडं अडतं. जाता जाता एक सावधगिरी: विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगार चालत नाही, आणि अ‍ॅपवरून डबे पोचवणं बहुधा त्यातच मोडतं. सीबीटीचं प्रमाणपत्र व्हिसाची अट पुसत नाही.

2023 मध्ये ब्रिटनमध्ये रस्त्यांवर 1624 माणसं गेली, त्यांत 315 मोटरसायकलवाले. रहदारीतला त्यांचा वाटा जेमतेम एक टक्का, हे लक्षात घेतलं तर एका दिवसाच्या प्रशिक्षणाने सगळं साधतं असं कोणी म्हणणार नाही. आपल्याकडे 2022 मध्ये 1,68,491 जण गेले आणि त्यांतले सुमारे 44 टक्के दुचाकीवरचे. आपला शिकाऊ परवाना 2021 पासून घरबसल्या, संगणकावर प्रश्न सोडवून मिळतो. पक्क्या परवान्याला निदान 30 दिवस थांबावं लागतं, मग पाय न टेकता आठ काढायचा. मधल्या दिवसांत काका किंवा मित्र मागे बसून ओरडतो, तेच प्रशिक्षण. ब्रिटनमध्ये शिकाऊने मागे कोणाला बसवणंच गुन्हा आहे.

सोळा ते अठरा वयात फक्त 50 सीसीपर्यंतची गाडी, हा नियम आपल्याही कायद्यात आहे. तसली पेट्रोलची गाडी आता बाजारात शोधून सापडत नाही, आणि क्लासला निघालेली मुलं 110 सीसीच्या स्कूटरवर दिसतात. शिकवणारे नाहीत असंही नाही. शहरोशहरी बायकांना स्कूटर शिकवणारे क्लास आहेत. त्या शिक्षिका सकाळी मैदानात आधी ब्रेक लावायला शिकवतात आणि मगच गल्लीत नेतात. त्यांच्याकडे चाळिशीच्या बायका पैसे भरून, वेळ काढून येतात. सतरा वर्षांच्या मुलाला तिथे पाठवायचं मात्र कोणाच्या मनातही येत नाही. त्याला ‘येतेच’ असं घरात आधीच ठरलेलं असतं.