लागण ‘होणारच’ हा समज आणि विषाणूभाराची वस्तुस्थिती

पती-पत्नींपैकी एकाला एचआयव्हीची बाधा असेल तर ती आज ना उद्या दुसऱ्यालाही होणारच, आणि म्हणून त्या दोघांचे शरीरसंबंध कायमचे संपले, हा समज पुण्यासारख्या शहरात आढळतो तसाच भीमाशंकरच्या वाटेवरील तळेघर परिसरातही आढळतो. तो भयापोटी टिकून आहे, पुराव्यापोटी नव्हे.

याविरुद्धचा पुरावा केवळ परदेशातून आलेला आहे, असेही नाही. नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांच्या ज्या अभ्यासाने (एचपीटीएन ०५२) २०११ मध्ये हे चित्र पालटले, त्यात पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सहभागी होती. ही संस्था भोसरीला, म्हणजे मंचर आणि नारायणगाव ज्या पुणे-नाशिक महामार्गावर आहेत त्याच महामार्गालगत आहे. बाधित जोडीदारावर लवकर उपचार सुरू केल्यास दुसऱ्याला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, असे त्या वेळी दिसले, तर २०१६ च्या अंतिम निष्कर्षांत, विषाणूभार स्थिरपणे दबलेला असताना जोडीदाराकडून लागण झाल्याचे एकही उदाहरण आढळले नाही. विषाणूभार म्हणजे रक्ताच्या एका मिलिलिटरमधील विषाणूंच्या प्रतींची संख्या. युरोपातील ‘पार्टनर’ अभ्यासात ही संख्या २०० च्या खाली असलेल्या ८८८ जोडप्यांनी कंडोमविना सुमारे ५८,००० वेळा संबंध ठेवले, तरी जोडीदाराकडून झालेल्या लागणीचा आकडा शून्यच राहिला. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये हेच सांगितले: चाचणीत विषाणू आढळत नसेल, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होण्याचा धोका शून्य असतो. इतके सारे समोर असताना संसाराची ताटातूट सुचवणारा सल्ला अजूनही दिला जावा, ही गोष्ट खेदाची आहे आणि संतापाचीही.

मात्र याच्या उलट टोकाचा, ‘गोळ्या सुरू आहेत म्हणजे झाले’ हा समजही तितकाच घातक आहे, कारण विषाणूभार दबण्यास सहा महिन्यांपर्यंत काळ लागू शकतो, तो दबल्याचे केवळ तपासणीवरूनच कळते आणि गोळ्यांत खंड पडला तर तो पुन्हा वाढतो. तळेघरसारख्या पश्चिम पट्ट्यातील गावांतून जी कुटुंबे मजुरीसाठी नारायणगावकडे उतरतात त्यांच्यासाठी हा खंड हाच खरा धोका असल्याने, निघण्यापूर्वी एआरटी केंद्रास (विषाणूविरोधी औषधे मोफत देणाऱ्या सरकारी केंद्रास) कळवून पुरेशा गोळ्या सोबत घ्याव्यात. विषाणूभार दबल्याची खात्री होईपर्यंत प्रत्येक संबंधात कंडोम आवश्यक आहे, आणि त्यावर खोबरेल किंवा अन्य तेल लावू नये, कारण तेलाने रबर कमकुवत होऊन फाटते. या काळात कंडोम फाटलाच, तर अबाधित जोडीदाराने शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांच्या आत, रुग्णालय गाठून २८ दिवसांची प्रतिबंधक औषधे सुरू करावीत. विषाणूभार दबल्यानंतरही इतर गुप्तरोग आणि नको असलेली गर्भधारणा यांपासून संरक्षण कंडोम देतो, या गोळ्या देत नाहीत.

एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, गालावर चुंबन घेतल्याने किंवा डास चावल्याने एचआयव्ही पसरत नाही. बाधितांना मूल होऊ नये हेही खरे नाही. आईचे उपचार नियमित असले आणि बाळालाही जन्मानंतर प्रतिबंधक औषध दिले, तर बाळाला लागण होण्याची शक्यता अगदी कमी राहते. बाधेबद्दल गावाला सांगणे बंधनकारक नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने गोपनीयतेचे संरक्षण दिले आहे, परंतु समुपदेशन मिळालेल्या बाधित व्यक्तीवर इतरांना लागण होऊ नये म्हणून वाजवी खबरदारी घेण्याचे कर्तव्यही त्याच कायद्याने घातले आहे.

ज्या घरात हा प्रश्न आहे त्या घरातील दोघांनीही एआरटी केंद्राच्या पुढच्या भेटीस एकत्र जावे आणि विषाणूभाराची शेवटची तपासणी कोणत्या तारखेस झाली व आकडा किती आला, हे स्पष्ट विचारून घ्यावे. शंका घरबसल्या विचारायच्या असल्यास राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेची १०९७ ही दूरध्वनी सेवा मोफत आहे.