स्टेडियमचे छत बर्फाने का फाटले? पॉलिहाउस आणि शेडनेटसाठी भाराचे साधे गणित

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात मिनिॲपोलिस हे शहर आहे. १२ डिसेंबर २०१० च्या पहाटे तेथील ‘मेट्रोडोम’ या बंदिस्त स्टेडियमचे छत बर्फाच्या भाराने फाटले आणि शेकडो टन बर्फ खाली मैदानावर कोसळला. छत कापडी होते. जीवितहानी झाली नाही.

आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग ही माहिती कशाला, असा प्रश्न पडेल. पण हलके आच्छादन, त्यावर अचानक आलेले वजन आणि खोलगट भागात साचत जाणारा भार ही तिन्ही कारणे आपल्या पॉलिहाउसला, शेडनेटला आणि द्राक्षबागेवरील प्लॅस्टिक आच्छादनालाही लागू पडतात. आपल्याकडे बर्फाच्या जागी गारा आणि साचलेले पाणी असते, इतकाच फरक. फेब्रुवारी-मार्च २०१४ मधील गारपिटीने मराठवाडा, विदर्भ आणि मध्य महाराष्ट्रात केलेले नुकसान अनेकांना आठवत असेल.

मेट्रोडोमचे छत कसे उभे होते?

हे स्टेडियम १९८२ मध्ये सुरू झाले. सुमारे १० एकर क्षेत्रावरील त्याच्या छताला मधे एकही खांब नव्हता. टेफ्लॉनचा लेप दिलेले काचतंतूंचे कापड पोलादी दोरांनी बांधलेले होते आणि मोठ्या पंख्यांनी आत हवा भरून ते फुगवून ठेवले जात असे. म्हणजे छत हवेच्या दाबावर तरंगत होते.

अशा छतांमध्ये आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण २५० पास्कल जास्त ठेवतात. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर ही हवा दर चौरस मीटरला सुमारे २५ किलो वजन तोलू शकते. त्याहून जास्त वजन आले की छत खाली बसू लागते. म्हणून मेट्रोडोमच्या छताला कापडाचे दोन थर होते. त्यांच्यामध्ये गरम हवा सोडून वरचा बर्फ वितळवायचा, अशी व्यवस्था होती.

त्या दिवशी काय घडले?

१० आणि ११ डिसेंबरला शहरात सुमारे १७ इंच, म्हणजे ४३ सेंटिमीटर बर्फ पडला. ताजा, भुसभुशीत बर्फ घनमीटरला १०० किलो धरला, तरी चौरस मीटरला ४३ किलो भार होतो. पूर्ण १० एकरांवर तो सुमारे १,७०० टन भरतो. शिवाय वाऱ्याने बर्फ एका बाजूला ढकलला जातो, त्यामुळे काही ठिकाणी थर याहून जाड होतो.

कामगार छतावर चढून वाफ आणि गरम पाण्याच्या साहाय्याने बर्फ काढत होते. मात्र वारा वाढल्यावर त्यांना खाली उतरवण्यात आले. त्यानंतर काही तासांत, पहाटे छत खोलगट झाले आणि फाटले. ज्या निर्णयाने बर्फ काढणे थांबले, त्याच निर्णयाने माणसे वाचली. छत २०११ च्या उन्हाळ्यात पुन्हा नवे बसवण्यात आले.

खळगा हाच खरा शत्रू

कापड किंवा प्लॅस्टिक एका जागी थोडे दबले, की आजूबाजूचे पाणी, गारा किंवा बर्फ त्या खळग्याकडे सरकतो. वजन वाढले की खळगा आणखी खोल होतो. खोल झाला की आणखी वजन येते. हे चक्र एकदा सुरू झाले की आपोआप थांबत नाही. ते बाहेरून तोडावे लागते. म्हणून सरासरी भार किती, यापेक्षा भार कुठे गोळा होणार, हे पाहणे महत्त्वाचे ठरते.

पॉलिहाउसमध्ये असे खळगे प्रामुख्याने तीन ठिकाणी होतात: दोन कमानींमधील गटर, सैल पडलेली फिल्म आणि वाकलेल्या पर्लिनमधील जागा.

आपल्या पॉलिहाउसचे गणित

- पाणी: १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ किलो. फिल्मवर १० सेंटिमीटर पाणी साचले, तर चौरस मीटरला १०० किलो भार येतो.
- गारा: गारांचा थर घनमीटरला साधारण ५५० किलो भरतो. ५ सेंटिमीटर थर साचला, तर चौरस मीटरला सुमारे २७ किलो. १० गुंठ्यांच्या छतावर हा थर सर्वत्र टिकला, तर भार सुमारे २७ टन होतो. उतारावरून गारा घसरतात, पण त्या गटरमध्ये जाऊन बसतात आणि तिथला भार कितीतरी वाढतो.
- पिकाचे वजन: ढोबळी मिरची, काकडी, टोमॅटो यांच्या वेली वरच्या तारांना बांधलेल्या असतात. तारा सांगाड्याला बांधल्या असतील, तर फळांनी लगडलेल्या पिकाचे वजनही त्याच पाइपांवर येते. गारपिटीचा हंगाम आणि तोडणीचा हंगाम एकत्र आला, तर दोन्ही भारांची बेरीज होते.

दुसरे उदाहरण: वाकलेला सांगाडा सांगत असतो

१८ जानेवारी १९७८ रोजी अमेरिकेतील हार्टफर्ड येथील क्रीडागृहाचे पोलादी छत बर्फाच्या भाराखाली कोसळले. काही तासांपूर्वीच तेथे सुमारे ५,००० प्रेक्षक बास्केटबॉलचा सामना पाहून घरी गेले होते. चौकशीत आढळले, की दाब सहन करणाऱ्या वरच्या दांड्यांना बाजूने पुरेसा आधार नव्हता, त्यामुळे त्या वाकल्या. विशेष म्हणजे बांधकामाच्या वेळीच छत अपेक्षेपेक्षा जास्त झुकलेले दिसले होते. पण तिकडे गांभीर्याने पाहिले गेले नाही.

लांब, बारीक पाइपवर टोकाकडून दाब आला, की तो तुटण्याआधी बाजूला वाकतो. तिरपा आधार हे वाकणे रोखतो. म्हणून ‘अडचण होते’ म्हणून पॉलिहाउसमधील तिरपे पाइप काढून टाकू नयेत. वाकलेली कमान, सरकलेला नट-बोल्ट, गंजलेला जोड ही धोक्याची पूर्वसूचना समजावी.

पोलंडमधील कातोवित्से येथे २८ जानेवारी २००६ रोजी कबुतरांचे प्रदर्शन भरलेल्या सभागृहाचे छत बर्फाने कोसळले आणि ६५ जणांचा मृत्यू झाला. छतावरील बर्फ वेळेवर काढलेला नव्हता. पीक पुन्हा घेता येते, सांगाडा पुन्हा उभा करता येतो. आत अडकलेला माणूस परत येत नाही.

हंगामापूर्वी करावयाची कामे

१. जानेवारीअखेर आणि पावसाळ्यापूर्वी फिल्मचा ताण तपासावा. हाताने दाबल्यावर फिल्म झोळीसारखी खाली जात असेल, तर झिगझॅग स्प्रिंग काढून ती पुन्हा ताणून बसवावी.
२. गटरमधील पालापाचोळा, माती काढावी. गटरचा उतार आणि पाणी उतरण्याचे पाइप बादलीभर पाणी ओतून तपासावेत.
३. सर्व नट-बोल्ट, क्लॅम्प आणि फाउंडेशनचे पाइप पाहावेत. गंजलेले भाग बदलावेत.
४. शक्य असल्यास पिकाच्या तारांसाठी स्वतंत्र खांब द्यावेत.
५. सपाट शेडनेटमध्ये गारा झोळीसारख्या साठतात. नवीन उभारणी करताना मधे उंची देऊन दोन्ही बाजूंना उतार ठेवावा.
६. सांगाड्याची रचना किती भारासाठी केली आहे, हे उभारणी करणाऱ्या कंपनीकडून लेखी घ्यावे. विम्यात गारपीट आणि वादळ समाविष्ट आहे का, हेही वाचून पाहावे.

गारपिटीच्या वेळी आणि नंतर

- हवामानाचा इशारा मिळताच बाजूचे कर्टन बंद करून घ्यावेत आणि मजुरांना बाहेर काढावे. गारांपासून बचाव म्हणून पॉलिहाउसमध्ये थांबू नये. पक्क्या इमारतीत जावे.
- वारा, विजा किंवा गारा चालू असताना छतावर किंवा गटरवर कोणालाही चढवू नये. मेट्रोडोमसारख्या मोठ्या स्टेडियमनेसुद्धा माणसे उतरवून छत सोडून दिले. आपणही तसेच करावे.
- वादळ थांबल्यावर आधी बाहेरून पाहावे. खांब झुकले असतील किंवा पाइपमधून करकर आवाज येत असेल, तर आत जाऊ नये.
- सांगाडा सरळ असेल, तरच साचलेले पाणी काढावे. लांब काठीला कापड गुंडाळून फिल्म आतून हळूहळू वर उचलावी, म्हणजे पाणी गटरकडे जाते. उचलताना थेट खळग्याखाली उभे राहू नये, बाजूला राहावे.
- भार काढणे शक्य नसेल, तर बाहेर सुरक्षित जागी उभे राहून फिल्म कापून टाकणे हा शेवटचा उपाय आहे. बर्फाळ प्रदेशातील हरितगृहधारकांनाही हाच सल्ला दिला जातो. फिल्म बदलण्याचा खर्च संपूर्ण सांगाडा उभारण्याच्या खर्चापेक्षा खूपच कमी असतो. हातात दोरी बांधलेला विळा आणि लांब काठी आधीच तयार ठेवावी.
- दुरुस्तीपूर्वी फोटो काढून पंचनाम्यासाठी आणि विम्यासाठी तातडीने कळवावे.

विस्तार कर्मचाऱ्यांसाठी

प्रत्यक्ष भेटीत पिकाची पाहणी करताना दोन मिनिटे वर पाहावे. फिल्मवरील पाण्याचे डाग, गटरमधील गवत आणि काढलेले तिरपे पाइप नोंदवून शेतकऱ्याला त्याच दिवशी सांगावे. गावातील पॉलिहाउसधारकांची बैठक जानेवारीत घेतल्यास गारपिटीपूर्वी दुरुस्तीला वेळ मिळतो. त्या बैठकीत एकच प्रश्न प्रत्येकाला विचारावा: आज रात्री गारा पडल्या, तर तुमच्या छतावर त्या कुठे साठतील? ज्याला ते ठिकाण दाखवता येईल, त्याला दुरुस्ती कुठून सुरू करायची हेही कळेल.